सीपीयूला घाम येत नाही : छोट्या कॅबिनेटमधली उष्णता आणि तिचं गणित

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून भाच्याचा फोन. "मामा, कॉम्प्युटर मधीच अडकून राहिला. अन् पंखा एवढा ओरडते का आई म्हणते, आधी तो मिक्सर बंद कर." मशीन सहा महिन्यांचं. दिवाळीत घेतलं तेव्हा झकास चालत होतं. दिवाळी ते एप्रिल या काळात बदललं काय, तर नागपुरात दरवर्षी बदलतं तेच.

ताईकडे गेलो आणि स्क्रीनकडे बघायच्या आधी टेबलाखाली हात घातला. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना खाली उजवीकडे एक कप्पा असतो, तीन बाजूंनी बंद, मागे प्लाय आणि त्या प्लायला वायरी काढायला एक गोल भोक. त्या कप्प्यात हा कॅबिनेट नेमका बसला होता, जणू मापाने शिवलेला. मागच्या पंख्याचं तोंड प्लायपासून जेमतेम चार बोटांवर. भोकापाशी हात धरला तर चहाच्या भांड्यावर धरल्यासारखी वाफ. कप्प्यातली हवा बाहेर जायला दुसरी वाटच नव्हती, म्हणून ती वळसा घालून पुढून परत आत शिरत होती.

उन्हाळा आला की असे प्रश्न वाढतात आणि उत्तरं मिळतात ती बहुतेक खरेदीची : मोठा कूलर घे, पाण्याचा घे, भारीतली पेस्ट आण. माझ्या मते लहान कॅबिनेटमध्ये कूलरचा नंबर तिसरा. आधी गरम हवा कुठून बाहेर जाते ते बघायचं, मग एवढी उष्णता तयार करायची मुळात गरज आहे का ते. या दोन गोष्टींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. त्या कोणी सांगत नाही त्याचं कारण बहुधा हेच असावं.

तापतं नेमकं काय?

आपण सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. "सीपीयू टेबलाखाली आहे" वगैरे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत मदरबोर्डवर बसलेला एक चौकोनी तुकडा असतो. वरून दिसतं ते त्याचं धातूचं झाकण. त्याखाली जी चिप काम करते ती आणखी लहान. भाच्याच्या मशीनमध्ये रायझन ५ ७६०० आहे. त्याचे सहाही कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, ज्या सिलिकॉनच्या चिपवर आहेत तिचं क्षेत्रफळ साधारण ७० चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. पूर्ण जोरात असताना हा प्रोसेसर ८८ वॉटपर्यंत वीज घेतो आणि त्यातली बहुतेक त्या नखाएवढ्या जागेत उष्णता होऊन बाहेर पडते.

घरातली इस्त्री १००० वॉटची असते, पण तिचा तवा दीडशे-दोनशे चौरस सेंटिमीटरचा. हिशेब केला तर इस्त्रीच्या दर चौरस सेंटिमीटरमधून पाच-सात वॉट निघतात आणि प्रोसेसरच्या चिपमधून शंभरच्या आसपास. एकूण उष्णता कमी, पण ती एका टिंबात कोंडलेली. पंख्याचं आणि पेस्टचं एवढं रामायण होतं ते या टिंबातली उष्णता पसरवण्यासाठी.

आता डब्याबद्दल. नेहमीचा मोठा कॅबिनेट ४०-५० लिटरचा असतो. भाच्याचा १५ लिटरचा, म्हणजे गोडेतेलाच्या डब्याएवढा. त्यात प्रोसेसरचे ८८ वॉट, ११५ वॉटचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला पचेल अशी करून देणारा खोका, जो स्वतःही थोडी वीज वाया घालवतो. सगळे मिळून अडीचशे वॉट धरा. तेलाच्या डब्यात अडीचशे वॉटचा हीटर लावून झाकण घातलंय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

कूलर थंड करत नाही

'कूलर' या नावाने गोंधळ होतो, आणि विदर्भात तर जास्तच, कारण आपल्याकडे कूलर म्हणजे खिडकीतला वाळ्याचा, पाण्याचा. तो खरोखर हवा थंड करतो. माठही करतो. दोघांची युक्ती एकच : पाण्याची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते, म्हणून माठातलं पाणी खोलीपेक्षा थंड होतं. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं तेही घामाची वाफ होते म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याच्यावर कितीही पंखे सोडा, आत येणारी हवा ज्या तापमानाची आहे त्याच्याखाली तो एक अंशही जाणार नाही.

प्रोसेसरवरचा कूलर फक्त हमाली करतो. चिपमधली उष्णता झाकणात, झाकणातून थर्मल पेस्टमध्ये, पेस्टमधून हीटसिंकमध्ये, म्हणजे पातळ पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात, आणि तिथून पंख्याच्या हवेत. माणसांची रांग लावून घमेली पुढे देतात तसं. रांगेतला सगळ्यात मंद गडी ठरवतो की तासाला किती घमेली जातील. लहान कॅबिनेटमध्ये हा मंद गडी बहुतेक वेळा रांगेच्या शेवटी असतो : हवा.

जरा बऱ्यातल्या कूलरमध्ये तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या दिसतात, त्यांना हीटपाइप म्हणतात. त्या पोकळ आणि बंद असतात आणि आत थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती पात्यांकडच्या टोकाला जाऊन निवते आणि पाणी परत येतं. माठाचीच गोष्ट, फक्त वाफ पळून जात नाही. त्यामुळे उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी झपाट्याने जाते, नाहीशी होत नाही. 'नाहीशी होत नाही' हे चार वेळा म्हणा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

बेरीज-गुणाकाराचं एक गणित

प्रोसेसरचं तापमान तीन आकड्यांची बेरीज असते : खोलीचं तापमान, डब्यात हवा खोलीपेक्षा किती जास्त तापली ते, आणि त्या हवेपेक्षा प्रोसेसर किती वर गेला ते. तिसरा आकडा वॉटवर अवलंबून असतो. समजा एखाद्या साध्या कूलरवर प्रोसेसर दर वॉटमागे ०.६ अंश चढतो. ८८ वॉटला ५३ अंश झाले. खोली २५ अंशाची, डब्याची वाढ ८ अंश, तर एकूण ८६. ही दिवाळी. खोली ४० ची झाली, बाकी सगळं तेच राहिलं, तर १०१. पण या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. मग काय होतं? तो स्वतःच वेग आणि वीज कमी करतो, ९५ वर येईपर्यंत. याला थ्रॉटलिंग म्हणतात. भाचा ज्याला 'अडकून राहिला' म्हणत होता त्यात याचा मोठा वाटा होता.

या गणितात एक गोष्ट बघा. खोलीचा आणि डब्याचा प्रत्येक अंश प्रोसेसरच्या आकड्यात जसाच्या तसा चढतो. डब्यातली हवा १० अंशांनी उतरवली तर प्रोसेसर १० अंशांनी उतरतो, कूलरला हात न लावता.

पण ९५ म्हणजे जळायलाच आलं ना?

नाही. २०२२ च्या सप्टेंबरात रायझन ७००० मालिका आली तेव्हा ती बनवणाऱ्या एएमडीनेच सांगितलं होतं की जोराच्या कामात ९५ पर्यंत जायचं हे ठरवूनच केलेलं आहे. मर्यादेपर्यंत जेवढा वेग काढता येईल तेवढा काढायचा, असं त्या प्रोसेसरचं धोरण. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास आहे. अंगात १०० ताप म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हे आकडे बघून पोटात गोळा येतो. पण ते फॅरनहाइट आणि हे सेल्सिअस, शिवाय सिलिकॉन म्हणजे माणूस नव्हे.

काळजी करायची ती शेजाऱ्यांची. मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये कपॅसिटर असतात, वीज साठवून सोडणारे लहान लहान डबे. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक जातीच्या आत द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू सुकतो. कारखानदारीतला जुना ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. प्रोसेसर ९५ ला मजेत असेल, पण त्याच डब्यातली हवा ६० ला गेली असेल तर बिचाऱ्या एसएमपीएसला ती श्वासावाटे घ्यावी लागते. लहान मशीन चार उन्हाळ्यांत मेलं तर दोष प्रोसेसरला देतात, पण मी उघडलेल्या अशा मशीनमध्ये गेलेला असतो तो बहुतेकदा एसएमपीएस.

आकडा एकटा बघू नका, वॉटही बघा

हे मला भाच्याकडे बसल्यावर पुन्हा एकदा नीट कळलं, म्हणून जरा तपशिलात सांगतो. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं आणि तो किती वॉट घेतोय तेही. सगळे कोअर कामाला लावायला सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला राबवून त्याच्या वेगाला गुण देणारं सॉफ्टवेअर, दहा मिनिटं चालवलं. खोलीत थर्मामीटरवर ३८.

पहिल्यांदा कॅबिनेट कप्प्यातच ठेवला. तापमान ९५, हललं नाही. वॉट ७२. म्हणजे ८८ ची मुभा असून प्रोसेसर १६ वॉट कमी घेत होता, घाबरून.

मग मशीन कप्प्यातून ओढून टेबलाशेजारी मोकळं ठेवलं, मागे फूटभर जागा. पुन्हा दहा मिनिटं. तापमान? ९५. भाचा म्हणाला, "म्हणजे काही फरकच नाही पडला." मी त्याला वॉटचा रकाना दाखवला : ८५. मोकळीक मिळाल्याबरोबर प्रोसेसरने ती वेगात खर्च केली होती. भूक लागलेल्या पोराला आणखी एक पोळी वाढली तर ताट रिकामंच दिसणार, पण पोरगं जास्त जेवलं हे खरं.

तिसऱ्यांदा बाजूची काच काढली. आता वॉट ८८, म्हणजे पूर्ण मुभा, आणि तापमान ९२-९३. दोन-तीनच अंश, पण पहिल्यांदाच मर्यादेच्या खाली. पहिल्या चाचणीपासूनचा फरक धरला तर आत येणारी हवा बारा अंशांनी निवली होती. अजून पानासुद्धा हातात घेतला नव्हता, आणि स्क्रूड्रायव्हर लागला तो फक्त काचेच्या चार स्क्रूंना.

ही डब्याचं बाजूचं झाकण काढायची परीक्षा तुम्हीही करा. ते काढल्यावर तापमान किंवा वॉट यात मोठा फरक पडला, तर दोष डब्याच्या हवेचा. फरकच पडला नाही, तर दोष कूलर, पेस्ट किंवा कूलरच्या बसवणीचा. एवढं कळलं की निम्मी खरेदी वाचते.

हवेची वाट

विदर्भातल्या माणसाला हवेची वाट समजावून सांगायला लागू नये. खिडकीत कूलर लावला आणि समोरचं दार बंद ठेवलं तर काय होतं? खोली थंड होत नाही, चिकचिक होते. आई ओरडते, "अरे दार उघड, हवा जाऊ दे." आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट लागते आणि बाहेर जाणाऱ्या हवेला आत येणारी जोडीदार लागते. कॅबिनेटचं हेच.

किती हवा लागते? अडीचशे वॉटची उष्णता बाहेर काढायची आणि हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे २२ लिटर. डबा आहे १५ लिटरचा. म्हणजे डब्यातली सगळीच्या सगळी हवा सेकंदाला जवळजवळ दीड वेळा बदलली पाहिजे. १२० मिलिमीटरचा एक पंखा खोक्यावर ५०-६० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा, लिहून येतो आणि २२ लिटर म्हणजे ४७ सीएफएम, तेव्हा कागदावर एक पंखा पुरतो. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. समोर बारीक जाळी, जाळीवर धुळीचा पापुद्रा, मागे वायरींचं जाळं असलं की हवा सहज निम्म्यावर येते. पुढचा चेहरा काचेचा आणि चकचकीत असेल आणि हवा यायला कडेला बोटभर फट, तर मग बोलायलाच नको. चांगला दिसणारा डबा आणि चांगला श्वास घेणारा डबा यांतला एक निवडायचा असेल तर मी जाळीदार पत्रा घेईन.

मग पंखा वेगाने फिरवावा? फिरवा, पण महाग पडतं. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, पंख्याला वीज मात्र आठपट लागते आणि आवाज १५ डेसिबलच्या आसपास वाढतो. ताईच्या मिक्सरचं मूळ हेच. एक पंखा ओरडवण्यापेक्षा दोन पंखे कुजबुजत चालवलेले बरे, आणि त्याहून बरं म्हणजे जाळी पुसणं.

साध्या बसक्या कूलरचा पंखा बाजूच्या पत्र्याकडून हवा ओढून मदरबोर्डवर फुंकतो. भाच्याच्या मशीनवरचा, प्रोसेसरसोबत येणारा, असाच आहे, उंची ५४ मिलिमीटर. बाजूला जाळी असेल तर सोन्याहून पिवळं, बाहेरची ताजी हवा थेट मिळते. काच असेल तर तो स्वतःचीच फुंकलेली, शिळी हवा पुन्हा पुन्हा गिळतो.

हा रोग आजचा नाही. पेंटियम ४ च्या काळात, २००४ च्या आसपास, प्रोसेसर शंभर वॉटच्या पुढे गेले तेव्हा इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना नियमच घालून दिला होता की प्रोसेसरच्या पंख्यापाशी हवा ३८ अंशांच्या वर जाता कामा नये. त्यासाठी बाजूच्या पत्र्याला आतून प्लास्टिकचं नरसाळं बसवायला लागले. जुने काळे-करडे कॅबिनेट आठवत असतील तर ते आठवेल. आम्हाला ते कशासाठी आहे ते माहीत नव्हतं, मध्ये येतं म्हणून मीच दोन-चार मशीनमधलं काढून फेकलेलं आहे. आता कळतं काय घालवलं ते. ३८ वर एक गंमत अशी की आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बैठकीतली हवाच ३८ च्या वर असते. नियम करणाऱ्यांनी चंद्रपूर बघितलं नव्हतं.

नरसाळ्याची युक्ती मात्र आजही चालते. बाजूला जाळी असेल पण कूलरचा पंखा तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर आत असेल, तर मधल्या फटीतून आतली गरम हवा घुसते. योगा मॅटचा फोम गोल कापून पंखा आणि जाळी यांच्यामध्ये कडं म्हणून बसवा, पंख्याच्या पात्यांना न लागेल असं. जास्तीत जास्त शंभर-दीडशे रुपयांचं काम.

'गरम हवा वर जाते, म्हणून पंखा वरच हवा' असंही सांगतात. जाते खरी, पण पंखा चालू असलेल्या एवढ्याशा डब्यात ती आपोआप वर चढण्याचा जोर नगण्य असतो. पंखा जिकडे ढकलेल तिकडे ती जाते. पंखे एकमेकांशी भांडणार नाहीत, एकाने आत ओढलेली हवा दुसरा लगेच बाहेर फेकणार नाही, एवढं बघा. आत ओढणाऱ्याचं पारडं थोडं जड ठेवलं आणि त्याच्यापुढे जाळी लावली तर धूळ जाळीतच अडकते, फटीफटीतून शिरत नाही.

गॅस बारीक करा

आता दुसरी गोष्ट, आणि लहान कॅबिनेटवाल्यांसाठी माझ्या मते सगळ्यात मोलाची. उष्णता बाहेर कशी काढायची याचं डोकं फोडण्यापेक्षा ती कमी तयार करा.

प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं तर वीज १९ टक्क्यांनी उतरते. आणि शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ मिळवायला कंपन्या व्होल्टेज भरमसाट चढवतात, कारण जाहिरातीत तो आकडा छापायचा असतो. कुकरला शिट्टी धरली की आपण गॅस बारीक करतो. मोठा ठेवला म्हणून डाळ लवकर शिजत नाही, वाफ मात्र वाया जाते. प्रोसेसर दुकानातून येतो तो मोठ्या गॅसवरच.

रायझनमध्ये बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना डिलीट दाबून उघडणाऱ्या सेटिंगच्या पानात, इको मोड असतो. ७६०० ला त्यात ४५ वॉटचा पर्याय निवडला की प्रत्यक्षातली मर्यादा ८८ वरून ६० च्या आसपास येते. खोक्यावरच्या वॉटचा आणि खऱ्या वापराचा मेळ नसतो, ६५ लिहिलेला प्रोसेसर ८८ खातो, हे लक्षात ठेवा. इंटेलमध्ये या मर्यादांना पीएल१ आणि पीएल२ म्हणतात. कोअर आय५-१२४०० ला मूळ ६५ वॉट आणि जोरात असताना ११७. काही मदरबोर्ड हे दोन्ही आकडे सरळ मोकळे सोडून देतात, तेव्हा स्वतः जाऊन बघावं.

भाच्याकडे इको मोड लावला, काच परत बसवली, मशीन टेबलाशेजारी मोकळं. सिनेबेंच : ७९ अंश. गुण दहाएक टक्क्यांनी उतरले. गेममध्ये त्याला फरक कळला नाही, कारण तिथे सगळं ओझं ग्राफिक्स कार्डवर असतं. उलट त्याचे झटके थांबले.

'पैसे देऊन घेतलेला वेग का सोडायचा?' हा आक्षेप रास्त आहे. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग असं तासन्‌तास सगळे कोअर पिळणारं काम असेल तर सोडू नका, मोठा डबा घ्या. पण कोंदट डब्यात तो वेग तुम्हाला तसाही मिळत नव्हता. ७२ वॉटला ९५ अंशांवर धापा टाकणारा आणि ६० वॉटला ७९ वर निवांत चालणारा, यांच्या वेगातलं अंतर खोक्यावरच्या आकड्यांवरून वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं.

शिवाय हा एकच उपाय असा आहे की ज्याने खोलीही कमी तापते. मोठा कूलर लावून प्रोसेसर ७० वर आणला तरी ८८ वॉट ते ८८ वॉटच, फक्त ते झपाट्याने खोलीत येतात. गच्चीखालच्या खोलीत झोपणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो.

हेच ग्राफिक्स कार्डाला लागू. त्याचे बहुतेक वॉट त्याच डब्यात ओतले जातात आणि प्रोसेसर ती हवा श्वासात घेतो. आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून त्याची पॉवर लिमिट ८०-८५ टक्क्यांवर आणली तर प्रोसेसरही निवतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

पेस्ट, पिना आणि तो प्लास्टिकचा कागद

पेस्टबद्दल थोडक्यात. तांब्यापेक्षा ती उष्णता कितीतरी वाईट वाहते, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली. तिचं काम दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरण्याचं. वाटाण्याएवढा गोळा मध्ये ठेवून कूलर सारखा दाबला की झालं. साध्या आणि महाग पेस्टमधला फरक दोन-चार अंशांचा. वाळून खडू झालेली जुनी पेस्ट बदलली तर मात्र चांगलाच फरक पडतो.

बसवणीतल्या चुका जास्त दिसतात. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि चारपैकी एक अर्धवट बसलेली असणं हे रोजचं. बोटाने हलवून बघा, कूलर डुगडुगला तर तिथेच उत्तर आहे. आणि वेगळा घेतलेला कूलर असेल तर बुडाला एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला येतो. तो काढायचा असतो. हसू नका, एका दुकानातून जोडून आलेल्या माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये तो आठ महिने तसाच होता आणि मी विंडोजला शिव्या घालत होतो.

मग पाण्याचा कूलर लावला तर?

पाणी उष्णता प्रोसेसरकडून रेडिएटरकडे नेतं आणि रेडिएटर ती हवेलाच देतो. रेडिएटर डब्याच्या कडेला, बाहेरची हवा ओढेल असा बसत असेल तर उत्तम. आतली तापलेली हवा त्याच्यातून ढकलली जाणार असेल तर सहा-सात हजार घालून त्याच दुखण्यावर दुसरी पट्टी. पंप सगळ्यात उंच जागी येणार नाही एवढं पाहा, नाहीतर आतली हवा तिथे साठते आणि तो घरघरतो. लहान डब्यासाठी मी आधी हीटपाइपवाला बसका कूलर सुचवेन. ३७ मिलिमीटर उंचीपासून मिळतात. घेण्याआधी मदरबोर्डपासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि पंख्यापुढे दोन बोटं मोकळी राहतील असाच घ्या.

काच कायमची काढून ठेवणं? उन्हाळ्यापुरतं चालेल. पण धूळ, लहान मुलाची बोटं आणि पाल या तिघांचा विचार करा. पंख्यात अडकलेली पाल काढायचं काम मी एकदा केलं आहे, दुसऱ्यांदा करणार नाही.

खिडकीतल्या कूलरची ओली हवा? दमट हवेने लगेच पाणी साचत नाही, कारण बाष्प थंड वस्तूवर जमतं आणि चालू मशीन खोलीपेक्षा गरमच असतं. भीती आहे ती जाळीतून उडणाऱ्या थेंबांची, कारण त्यात बोअरचे क्षार असतात. झोताच्या समोर ठेवू नका, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. एसी लावला तर गणितातला पहिला आकडाच ४० वरून २६ वर येतो, प्रश्न संपला. फक्त मशीनचे अडीचशे वॉट आता एसीला बाहेर काढावे लागतात, आणि त्या दोन्हींचं बिल तुम्हाला येतं.

सफाई करताना मशीनचा प्लग काढा, रंगाच्या मऊ ब्रशने धूळ सोडवा आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने ते भलत्याच वेगात फिरतं आणि बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डला लावू नका, तिच्या टोकाशी स्थिर वीज साठते. विदर्भात वर्षातून दोनदा हे करावं, एकदा होळीनंतर आणि एकदा दिवाळीच्या झाडलोटीत.

ताईच्या टेबलाच्या मागची प्लाय दुसऱ्या दिवशी सुताराने कापून काढली, दीडशे रुपये घेतले. कॅबिनेट परत कप्प्यात गेला, पण वीतभर पुढे ओढून. इको मोड चालू, काच बसलेली, खोली ३९. सिनेबेंचची दहा मिनिटं संपली तेव्हा ८२ होते, आणि ताई स्वयंपाकघरातून विचारत होती की बंद केला का तो.